देवाला सांगितलेला डाव

शनिवारी, उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, सहाव्या मिनिटाला माझा जप थांबला. मणी बोटांत तसाच राहिला. समोर कोर्टवर जे चाललं होतं ते बघून मला नामच आठवेना.

माझी मुलगी प्रांजल ‘उपनगर वाघिणी’ची कप्तान. चेंडू पुढे आणायचा आणि कोणाला द्यायचा ते ठरवायचं, हे तिचं काम. शहरातल्या आठ संघांची ही लीग. मुली करारावर खेळतात, लोक तिकीट काढून बघायला येतात. साखळीतल्या चौदा सामन्यांपैकी बारा वाघिणींनी जिंकले होते, आणि ज्या डावावर जिंकले तो मला आरतीसारखा पाठ होता. प्रांजल चेंडू घेऊन उजवीकडे जोरात आत शिरते. बघणाऱ्याला वाटतं, आता हीच टाकणार. ती टाकत नाही. चेंडू मध्ये उभ्या असलेल्या माणिकला देते. माणिक सहा फूट दोन इंच, तिच्याभोवती सगळ्या जमतात. तेवढ्यात कल्पिता माणिकच्या पाठीआडून सरकत डाव्या कोपऱ्यात पोचलेली असते, एकटी. चेंडू तिच्या हातात येतो आणि तिथून सरळ बास्केटमध्ये. तीन गुण.

त्या शनिवारी कल्पिता डाव्या कोपऱ्यात पोचली, तर तिथे समोरच्या मुलुंड संघाच्या दोघी आधीच उभ्या. आपण कोणाकडे न सांगता जावं आणि त्यांनी दारात रांगोळी काढून, पाट मांडून ठेवलेला असावा, तसं.

एकदा झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. पण पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर प्रांजल उजवीकडे धावली तेव्हा मुलुंडची एक मुलगी तिच्यामागे गेलीच नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि हसली. माझ्या मुलीनं पुढे काय करायचं मनात आणलंय ते त्या परक्या मुलीला माझ्याइतकं ठाऊक होतं.

त्रेसष्ट-एकेचाळीस. बावीस गुणांनी हरलो. तीनपैकी दोन सामने जिंकेल तो संघ अंतिम फेरीत, म्हणजे आता एकही हरून चालणार नव्हतं.

बाहेर येताना मुलुंडकडून खेळणाऱ्या दिशानं प्रांजलला घट्ट मिठी मारली. त्या दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. मला त्यात काही वाटलं नाही. पण वाघिणींचे कोच अंबादास सर दरवाज्यात उभे होते, त्यांनी ती मिठी बघितली. अगदी मोजून बघितली.

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. प्रांजल पोळीला तूप लावत होती, हात बरबटलेले, म्हणून तिनं स्पीकर लावला.

“शुक्रवारी संध्याकाळी तू दिशाबरोबर होतीस ना? मालाडला?”

“हो सर. वडापाव खायला गेलो होतो.”

“वडापाव खाता खाता काय बोललात?”

“तिच्या साखरपुड्याबद्दल. काय झालं सर?”

“काय झालं? आपला डाव त्यांना पाठ होता, हे झालं. सरावाला मी दार लावून घेतो. फळ्यावर काढलं की पुसतो. तुम्ही बारा मुली आणि मी. तेराजणांत मुलुंडला मैत्रीण एकीलाच आहे.”

“सर, तुम्हाला काय म्हणायचंय?” प्रांजलचा आवाज एकदम बारीक झाला.

“मला काही म्हणायचं नाही. मालकांना म्हणायचंय. उद्या सकाळी किट घेऊन ये आणि जमा कर. मंगळवारी तू खेळत नाहीस. पुढचं पुढे.”

फोन बंद झाला. तुपाचा चमचा तिच्या हातातच होता. चोवीस वर्षांची मुलगी, गेल्या साली गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रडली नाही, ती म्हणाली, “आई, मी विकलं म्हणतायत गं. मी माझा डाव विकला.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, “देव बघतो आहे.” खरंच तसं वाटत होतं मला. देव बघतोय, तो वाट काढील. आज ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

तिचे बाबा, चंद्रप्रकाश, जहाजावर. सहा महिने घरी, सहा महिने पाण्यावर. घरात आम्ही दोघीच. चारकोपला सेक्टरमधल्या आमच्या खोलीत माझे नेम चालतात आणि तिचे चेंडू चालतात. सकाळी उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. प्रांजल तेरा वर्षांची असताना टायफॉइडनं अगदी गेल्यातच जमा होती, तेव्हा घेतलेलं हे मौन. अकरा वर्षं झाली, एक दिवस मोडलं नाही. काही लागलं तर चिठ्ठी लिहिते. सेक्टरमध्ये सगळ्यांना सवय आहे, दूधवालासुद्धा सकाळी माझ्याशी खुणांनी बोलतो. बिचाऱ्याला वाटतं मला ऐकूही येत नाही.

सोमवारी सकाळी प्रांजल किटची पिशवी घेऊन न खाता निघून गेली. मी देवाची भांडी घासत होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची श्वेता धावत आली. चेहरा नुसता फुललेला.

“मालनताई! तुम्ही बघितलंत की नाही? अहो, आपलं गाऱ्हाणं फेमस झालं! अडीच लाख लोकांनी बघितलं!”

तिनं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

पडद्यावर आमच्या सेक्टरमधलं रवळनाथाचं मंदिर. गाववाल्यांनी वर्गणी काढून बांधलेलं, जेमतेम खोलीएवढं. समोर धर्माभावोजी पांढरा सदरा घालून, नारळासमोर हात जोडून उभे. माझे लांबचे दीर. गिरणीत होते, गिरण्या बंद झाल्यावर वॉचमनकी केली, पण गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. खणखणीत आवाज, आणि मालवणी अशी की त्यात मुलगी ‘चेडू’ होते. गुरुवारच्या आरतीनंतरचं ते गाऱ्हाणं होतं. मागे आम्ही पन्नासएक माणसं. तिसऱ्या रांगेत मी, डोळे मिटून.

“बा देवा रवळनाथा, आज तुझ्या लेकरांनी तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“आमच्या चंद्रप्रकाशाचा चेडू प्रांजल, ता शनवारी मुलुंडवाल्यांवांगडा खेळाक उतरतला. तेंचो डाव असो हा. प्रांजल चेंडू घेऊन उजवीकडे धावतला. सगळ्यांका वाटतला, हाच टाकतला. पण ता टाकूचा नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“मगे चेंडू मधल्या उंच माणिकच्या हातात. सगळी जणां तेच्याकडे धावतली. आणि कल्पिता तेच्या पाठसून डाव्या कोपऱ्यात सरकतला. तेच्या हातात मोकळो चेंडू पडांदे! मधी कोणी आडवो येत तर तेका बाजूक कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

त्या ‘व्हय’मध्ये सगळ्यात मनापासूनचा आवाज माझा होता.

मोबाइलवर खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘रवळनाथाचा कोचिंग क्लास’. त्याच्याखाली हसणारी तोंडंच तोंडं. गावाकडच्या माणसांना आरती बघता यावी म्हणून मंडळ दर गुरुवारी ती मोबाइलवरून थेट दाखवतं. त्यातला एवढाच तुकडा कापून कोणीतरी पुढे पाठवला होता. तारीख होती शुक्रवारची. सामन्याच्या आदल्या दिवसाची.

तांब्या माझ्या हातातून सुटला आणि गडगडत मोरीत गेला.

डाव मीच लिहून दिला होता. गाऱ्हाणं मोघम घालायचं नसतं. ‘मुलीचं भलं कर’ म्हटलं तर देवानं नेमकं काय करायचं? सासूबाई सांगायच्या, देवाला पत्ता नीट सांगावा, नाहीतर दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून गुरुवारी दुपारी मी वहीचं पान फाडून, कोण कुठून कुठे जातं ते सगळं शुद्ध मराठीत लिहिलं आणि धर्माभावोजींच्या हातात दिलं. त्यांनी ते मालवणीत घातलं.

आणि मला ते कळलं कुठून, तर प्रांजलकडूनच. लीग सुरू व्हायच्या आधी मी बिरड्याचे वाल सोलत बसले होते, तर ती ओट्यावर चढून बसली, पोळपाट उलटा केला आणि त्यावर पाच वाल मांडले. “हा वाल मी. ही माणिक. ही कल्पिता. आई, गेल्या वर्षी चेंडू माझ्याकडेच राहायचा, मीच टाकायचे, वीस-वीस गुण करायचे आणि आम्ही हरायचो. आता बघ. ह्याचं नाव आम्ही पालखी ठेवलंय. शिमग्याला पालखी कशी दारादारात थांबते, तसा चेंडू सगळ्यांच्या हातातून जातो. पण मुक्काम कुठे, ते आधी ठरलेलं.” मला फार आवडलं ते. मी म्हटलं, अगं हे तर अगदी देवाघरचं आहे. ती हसली. म्हणाली, “कोणाला सांगू नकोस हां.”

मी म्हटलं होतं, “मी कोणाला सांगणार?”

देव म्हणजे काही कोणी नव्हे, असंच मला वाटत आलं होतं.

“मालनताई, काय झालं? बरं नाही वाटत का?” श्वेता विचारत होती. मी मानेनंच ‘नाही’ म्हटलं. टेबलावरची चिठ्ठ्यांची वही ओढली आणि लिहायला बसले. ‘सर, प्रांजलचा काही दोष नाही. डाव मी देवळात गाऱ्हाण्यात सांगितला. त्याचा व्हिडिओ सगळीकडे गेला आहे. श्वेताच्या मोबाइलवर आहे. मालन परब.’ श्वेतानं ते वरून वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. मी तिच्या हाताला धरून तिला तशीच रिक्षात बसवलं. बोलायचं काम ती करील, असा माझा हिशेब.

वाघिणींचा सराव चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, पूर्वी छापखाना असलेल्या एका गाळ्यात चालतो. आत शिरलो तेव्हा मुली भिंतीला लागून उभ्या होत्या. मध्ये प्रांजल. पायाशी किटची पिशवी. तिनं सात नंबरची जर्सी घडी करून सरांच्या हातात दिली, जशी मी तिच्या शाळेचे कपडे घडी करायचे तशी, बाह्या आत दुमडून.

मी पुढे होऊन चिठ्ठी सरांसमोर धरली.

“ताई, तुम्ही इथे कशाला आलात?” सर थकल्यासारखे म्हणाले. चिठ्ठी घेतली आणि न उघडता ट्रॅकसूटच्या खिशात घातली. “आई आहात, मी समजू शकतो. पण चिठ्ठ्याचपाट्यांनी काही होणार नाही. वरून निर्णय आलाय.”

मी त्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं. श्वेताकडे बघितलं. इतकी बोलकी बाई, पण एवढ्या उंच उंच मुली बघून की काय, तिच्या तोंडून शब्द फुटेना.

“वाचतो नंतर,” सर म्हणाले आणि प्रांजलकडे वळले. “इथे सही कर.”

प्रांजलनं पेन घेतलं.

“तिनं नाही सांगितलं.”

हे कोण बोललं ते मला क्षणभर कळलं नाही. घोगरा, खरखरीत आवाज. प्रांजलनं दचकून माझ्याकडे बघितलं. तिनं अकरा वर्षांत माझा सकाळचा आवाज ऐकला नव्हता. मीही नव्हता ऐकला.

“मी सांगितलं,” मी म्हटलं. मोडलंच होतं, आता थांबून काय होणार होतं?

सर माझ्याकडे बघत राहिले. “कोणाला सांगितलं?”

“रवळनाथाला.”

“कोण हा? मुलुंडचा माणूस?”

सर नांदेडकडचे. त्यांची काही चूक नव्हती. भिंतीशी उभ्या कल्पिताच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. ती मढची, कोळ्यांची पोर, हसू दाबणं तिला कधी जमलेलं नाही. “सर,” ती म्हणाली, “देव हाय तो.”

मग श्वेतानं मोबाइल पुढे केला. जुन्या सामन्यांची चित्रणं बघायला तिथे भिंतीवर मोठा टीव्ही आहे. त्यावर धर्माभावोजी आले, माणसाएवढे. गाळ्यात त्यांचा आवाज घुमला. ‘पण ता टाकूचा नाय!’ आणि आम्ही पन्नास जण, ‘व्हय म्हाराजा!’ सरांच्या हातातली जर्सी हळूहळू खाली आली. दीड मिनिटाचं ते चित्रण संपलं तेव्हा ते खुर्चीत बसले.

“पाच महिने,” ते म्हणाले. “पाच महिने मी फळा पुसतोय.”

मग त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून वाचली, सावकाश. उठले, प्रांजलसमोर गेले आणि जर्सी तिच्या हातात दिली. “माझं चुकलं. वर मी बोलतो. सगळ्यांसमोर जर्सी काढून घेतली, सगळ्यांसमोरच माफी मागतो.”

प्रांजलनं जर्सी घेतली. पण ती बघत होती माझ्याकडे. रागानं असतं तर मला सोसलं असतं. अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

“आई, तू?” एवढंच.

आणि तेवढ्यात अंबादास सरांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. मला अजूनही तो आठवून धडकी भरते.

“ताई, त्यांचा या गाऱ्हाण्यावर विश्वास बसलाय ना? झकास! आज संध्याकाळी अजून एक घाला. सांगा, ह्या वेळी उजवा कोपरा. उद्या सगळ्या उजवीकडे धावतील!”

मुलींनी टाळ्याच वाजवल्या. “काकी, प्लीज!” “व्हय म्हाराजा!” कोणीतरी ओरडलं. माणिक म्हणाली, “काकी, छोटंसं तर आहे. खोटं म्हणजे काय, गेमच आहे ना यार.”

एवढं नुकसान मी केलेलं, आणि भरून काढायला ही माणसं एक एवढीशी गोष्ट मागत होती. प्रांजलसाठी तर मी विहिरीत उडी मारली असती. पण देवासमोर नारळ ठेवायचा, पन्नास माणसांना हात जोडायला लावायचे आणि खोटं सांगायचं?

“नाही,” मी म्हटलं. कोणाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, म्हणून पुन्हा म्हटलं. “नाही जमणार मला.”

“ताई, मुलीच्या टीमसाठीसुद्धा नाही?”

“सर, सोडा.” ही प्रांजल. माझ्याकडे न बघता बोलत होती. “आई देवाशी खोटं बोलणार नाही. तुम्ही उलटी टांगलीत तरी. आणि गरजच काय? शनिवारी कल्पितावर किती जणी होत्या?”

“दोघी.”

“प्रत्येक वेळी?”

सरांनी मान हलवली.

“त्या पाच, आम्ही पाच. दोघी एकीवर गेल्या तर आमची एक मोकळी राहणारच ना कुठेतरी? शनिवारी आम्ही वेड्यासारखं तरीही चेंडू कल्पिताकडेच ढकलत राहिलो, कारण मुक्काम ठरलेला होता. उद्या ठरवायचाच नाही. पालखी निघू दे, कल्पिता कोपऱ्यात जाऊ दे, त्यांना तिच्यामागे पळू दे. जिच्या हातात चेंडू, तिनं बघायचं कोण एकटी आहे. आई गाऱ्हाण्यात जे बोलली ते तसंच राहू दे. ते तेव्हा खरंच होतं.”

सर वळले. फळ्याकडे गेले, खडू उचलला आणि परत ठेवला. म्हणाले, “ह्यात तर काढण्यासारखं काही नाहीच. पुसायलाही नको.”

घरी आल्यावर प्रांजल माझ्याशी बोलली नाही. रागावून भांडली नाही, ताट आपटलं नाही. हाक मारली की मानेनं उत्तर. एरवी घरात मौन माझं असायचं, ते आता तिनं घेतलं. मी देव्हाऱ्यासमोर बसून मोडलेल्या नेमाची क्षमा मागायला गेले, आणि पहिल्यांदाच देवासमोर काय बोलावं ते कळेना. हातात नेहमीचं गंध, नेहमीचं फूल. तोंड उघडायचीच भीती वाटत होती. म्हटलं, काय सांगू आणि ते कुठे कुठे जाईल?

मंगळवारी मी बाकड्यावर शेवटच्या रांगेत बसले. माळ पिशवीतच ठेवली.

पहिल्याच डावात प्रांजल उजवीकडे शिरली. मुलुंडची ती हसणारी मुलगी मागे राहिली, कमरेवर हात. चेंडू माणिककडे. कल्पिता सरकली डाव्या कोपऱ्यात, आणि दोघी तिच्यामागे अशा धावल्या की जणू आधी पोचणारीला प्रसाद मिळणार होता. माणिकनं मान वळवली, कल्पिताकडे बघितलंही, आणि चेंडू मागच्या मागे प्रांजलला परत दिला. प्रांजल बास्केटखाली एकटी उभी. एकटी म्हणजे अगदी एकटी. तिनं चेंडू आरामात वर ठेवला.

मुलुंडच्या कोच उठून उभ्या राहिल्या.

दुसऱ्यांदा तेच, पण चेंडू तिसरीकडेच गेला. मग चौथीकडे. मला आता पाठ असलेलं काहीच उरलं नव्हतं. पुढे काय होणार ते मला कळत नव्हतं, मुलुंडला कळत नव्हतं, आणि मला वाटतं चेंडू हातात येईपर्यंत त्या मुलींनाही कळत नव्हतं. कल्पिता मात्र प्रत्येक वेळी इमानेइतबारे डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहत होती आणि हात वर करून ओरडत होती, “इथं! इथं!” मध्यंतराला आम्ही चौदा गुणांनी पुढे होतो, आणि त्या पोरीच्या हाताला चेंडू एकदाही लागला नव्हता.

दुसऱ्या अर्ध्यात मुलुंडनं शहाणपण केलं. कोपरा सोडला, सगळ्या मध्ये आल्या. आघाडी उतरत उतरत दोनवर आली. चाळीस सेकंद उरले होते. माझा हात आपोआप पिशवीत गेला, माळेला लागला आणि मी तो परत काढला. प्रांजल उजवीकडे धावली. समोर तीन मुली. चेंडू माणिककडे. आणि डाव्या कोपऱ्यात कल्पिता, आजूबाजूला चिटपाखरू नाही. ती ह्या वेळी ओरडलीसुद्धा नाही.

चेंडू तिच्या हातात मोकळा पडला. अगदी जसा मागितला होता तसा. मागितला होता शनिवारसाठी, दिला मंगळवारी.

मी डोळे मिटले नाहीत. तो बास्केटच्या कड्यावर आदळला, उंच उडाला, पुन्हा कड्यावर पडला, आणि सगळं स्टेडियम श्वास धरून असताना आत गेला.

पाच गुणांनी जिंकलो. लोक माझ्या अंगावरून उड्या मारत खाली गेले. मी बसूनच राहिले. त्या चेंडूचा आणि माझ्या मागण्याचा काही संबंध आहे की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. विचारायचं धाडसही होत नाही.

खाली प्रांजल मुलींच्या गराड्यात होती. तिनं वर बघितलं, शेवटच्या रांगेपर्यंत. हात केला नाही. पण मला शोधून काढलं.

आज बुधवार. तिसरा सामना उद्या. सकाळी नैवेद्य होईपर्यंत मी नव्यानं मौन पाळलं, पहिला दिवस म्हणून. दुपारी धर्माभावोजी दारात आले, बाहेरच उभे राहिले. त्यांचाही चेहरा उतरलेला. “वयनी, माका काय म्हायत, ता मोबाइलवर जातला म्हणान? उद्याच्यासाठी देवाक काय सांगू?”

“यश दे म्हणावं,” मी म्हटलं.

“येवढाच?”

“एवढंच.”

“मोघम होतला, वयनी.”

“होऊ दे.”

ते मान हलवत गेले. संध्याकाळी मी वाल सोलत बसले. प्रांजल सरावाहून आली, बूट काढले, पाणी प्यायली. मला वाटलं आत जाईल. ती ओट्यावर चढून बसली. पोळपाट उलटा केला. माझ्या पुढ्यातल्या वाटीतून तिनं एकेक करून पाच वाल उचलले.

मी दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. “नको गं बाई. मला काही दाखवू नकोस.”

“हात काढ.”

“प्रांजल, मला नको सांगूस. माझा माझ्यावर भरवसा नाही.”

“आई.” दोन दिवसांनी आलेली ती हाक. “बघ तर. सर म्हणालेत कोणाला दाखवू नका, तरी दाखवतेय. हात काढ.”

मी हात काढले. पोळपाटावर पाच वाल होते आणि तिनं पहिला उचलून पुढे सरकवला.